सायकमोर गॅप वृक्ष

सायकमोर गॅप वृक्ष हा इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड काउंटीत, हेड्रियनच्या भिंतीलगत उभा असलेला एक प्रसिद्ध वृक्ष होता. इंग्लंडमधील सर्वाधिक छायाचित्रे काढल्या गेलेल्या वृक्षांत त्याची गणना होत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये तो बेकायदेशीरपणे तोडण्यात आला.

स्थान व वर्णन

रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये बांधावयास घेतलेली ही भिंत येथे कड्यांच्या माथ्यावरून जाते. हिमयुगातील वितळलेल्या बर्फाच्या प्रवाहाने या कड्यांमध्ये एक खोलगट खिंड कोरली आहे. भिंत दोन्ही बाजूंनी तीत उतरते आणि तळाशी हा एकच वृक्ष उभा होता. त्याची उंची सुमारे १५ मीटर होती. येथील सायकमोर हा मॅपलच्या प्रजातीतील पानझडी वृक्ष होय. बायबलमध्ये उल्लेखिलेला सायकमोर उंबराच्या प्रजातीतील असून तो वेगळा आहे.

इतिहास

भिंतीच्या जतनासाठी तिच्या आसपासच्या जमिनी विकत घेणारे जॉन क्लेटन (१७९२–१८९०) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वृक्ष लावला, असे मानले जाते. पुढे ही जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. १९८७ मध्ये भिंतीला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

छायाचित्रे व लोकजीवनातील स्थान

दोन उतारांमधील एकाकी वृक्षाची रेखीव आकृती छायाचित्रकारांना आकर्षित करीत असे. नॉर्थम्बरलँडच्या काळोख्या आकाशामुळे रात्रीही येथे तारकांची आणि ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेतली जात. १९९१ च्या 'रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ह्‌ज' या चित्रपटात दिसल्यापासून तो 'रॉबिन हूड वृक्ष' म्हणूनही ओळखला जाऊ लागला. २०१६ मध्ये त्यास इंग्लंडचा 'वर्षातील वृक्ष' हा सन्मान लाभला.

स्थानिकांसाठी मात्र त्याचे महत्त्व घरगुती स्वरूपाचे होते. अनेकांनी त्याच्या छायेत विवाहाची मागणी घातली, तर काहींनी आप्तांची रक्षा तेथे विखुरली. अशा प्रसंगांची छायाचित्रे अनेक कुटुंबांच्या संग्रहात आहेत.

वृक्षतोड व खटला

२७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री, वादळी हवामानात, यांत्रिक करवतीने वृक्ष कापण्यात आला. कोसळताना तो भिंतीवर पडला व तिचेही नुकसान झाले. ज्या वृक्षाची असंख्य छायाचित्रे प्रेमाने काढली गेली, त्याच्या तोडीचे चित्रणही एका आरोपीच्या मोबाइल फोनवर सापडले आणि ते न्यायालयात पुरावा ठरले. मे २०२५ मध्ये न्यूकॅसल येथील न्यायालयात दोघे दोषी ठरले. जुलै २०२५ मध्ये प्रत्येकास ४ वर्षे ३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

पुनरुज्जीवन

तोडीनंतर नॅशनल ट्रस्टने वृक्षाच्या बिया व कलमासाठी कोवळ्या फांद्या गोळा करून रोपे तयार केली. वृक्षाची उंची ४९ फूट होती. म्हणून प्रत्येक फुटामागे एक याप्रमाणे ४९ रोपे 'आशेचे वृक्ष' या नावाने ब्रिटनमधील विविध समाजगटांना देण्याचे ठरले. २०२४ च्या उन्हाळ्यात मूळ बुंध्याला ८ नवे कोंब फुटले. खोडाचा सर्वांत मोठा भाग जुलै २०२५ पासून जवळच्या 'द सिल' या केंद्रात ठेवण्यात आला असून अभ्यागतांना त्यास स्पर्श करता येतो. बुंध्यातून पूर्वीसारखा वृक्ष उभा राहण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागेल. तोपर्यंत खिंडीचे जुने रूप छायाचित्रांतूनच पाहावे लागेल.