मॅनिला उपसागर : तटदुर्ग व सुरुंगक्षेत्रे

फिलिपीन्समधील मॅनिला बंदराच्या रक्षणासाठी अमेरिकेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली सागरी संरक्षणव्यवस्था. बाताआन द्वीपकल्प व काव्हीते प्रांत यांच्या दरम्यान उपसागराचे मुख सु. १९ किमी. रुंद असून त्यातील कोर्रेहिदोर बेटामुळे उत्तरेकडील अरुंद व दक्षिणेकडील रुंद असे दोन जलमार्ग झाले आहेत.

पूर्वपीठिका : स्पॅनिश अंमलात या मुखावर तोफा होत्या व काही पाणसुरुंगही पेरलेले होते, तथापि ३० एप्रिल १८९८ च्या रात्री अमेरिकी नौदलाधिकारी जॉर्ज ड्यूई यांचे आरमार जवळजवळ विनासायास आत शिरले.

दुर्ग : कोर्रेहिदोरवर फोर्ट मिल्स, काबायो बेटावर फोर्ट ह्यूज, काराबाओ बेटावर फोर्ट फ्रँक व एल फ्रायले या खडकावर फोर्ट ड्रम असे चार दुर्ग बांधण्यात आले. त्यांपैकी फोर्ट ड्रम रचनेच्या दृष्टीने असामान्य आहे. तेथे प्रारंभी केवळ सुरुंगनियंत्रण केंद्र योजिले होते. पुढे १९०९ पासून तो खडक सपाट करून त्यावर सु. १०७ मी. लांब व ४४ मी. रुंद अशी, सु. ६ मी. जाडीच्या छताची काँक्रीटची वास्तू बांधली गेली व तीवर दोन फिरत्या चिलखती बुरुजांत मिळून १४ इंची चार तोफा बसविण्यात आल्या. युद्धनौकेसारख्या आकारामुळे ती ‘काँक्रीटची युद्धनौका’ म्हणून ओळखली जाते. कोर्रेहिदोरवर १२ इंची तोफा व उखळी तोफा होत्या. १९२२ च्या वॉशिंग्टन नाविक करारान्वये या प्रदेशातील तटबंदीत वाढ करण्यास मनाई झाल्याने विमानांपासून संरक्षणाची सोय अपुरी राहिली.

सुरुंगक्षेत्रे : सुरुंगांवाचून तोफांची व तोफांवाचून सुरुंगांची उपयुक्तता बरीच घटते, कारण सुरुंगक्षेत्रामुळे शत्रूची नौका तोफांच्या माऱ्यात अडकून राहते आणि सुरुंग काढून टाकू पाहणाऱ्या लहान नौकांना तोफाच पिटाळतात. येथे दोन प्रकारचे सुरुंग वापरण्यात आले. पहिला प्रकार नियंत्रित सुरुंगांचा असून ते भूसेनेच्या तटसंरक्षक तोफखान्याच्या अखत्यारीत होते. असे सुरुंग गटागटाने नांगरून ठेवीत व पाण्याखालील विद्युत्‌तारांनी किनाऱ्यावरील नियंत्रणकक्षाशी जोडीत. नौकेचा धक्का बसताच कक्षात संकेत मिळे आणि स्फोट घडवावयाचा की नाही हे तेथील अधिकारी ठरवीत असे. त्यामुळे तारेतील विद्युत्‌प्रवाह बंद ठेवून स्वकीय जहाजांना त्याच पाण्यातून वाट देता येई. दुसरा प्रकार नौदलाने पेरलेल्या स्पर्शसुरुंगांचा होय. त्यांना शत्रू व मित्र असा भेद नसल्याने त्यांच्यामधून राखलेल्या सुरक्षित वाटेवरूनच वाहतूक करावी लागे.

या व्यवस्थेने घेतलेला सर्वांत मोठा बळी निरपराध प्रवाशांचा ठरला. १६-१७ डिसेंबर १९४१ च्या रात्री युद्धामुळे मॅनिला सोडणाऱ्यांनी खच्चून भरलेले ‘कोर्रेहिदोर’ हे प्रवासी जहाज सुरुंगावर आदळून काही मिनिटांतच बुडाले. हेच जहाज पूर्वी ‘एंगाडीन’ या नावाने ब्रिटिश नौदलात होते व १९१६ च्या जटलंडच्या लढाईत त्यावरील विमानाने टेहळणी केली होती. मृतांची संख्या शेकड्यांत होती हे निश्चित असले, तरी प्रवाशांची पूर्ण नोंद नसल्याने नेमक्या आकड्याविषयी, तसेच जहाज व किनारा यांच्यातील संदेशांविषयी एकवाक्यता नाही.

युद्धकाळ : २ जानेवारी १९४२ रोजी मॅनिला जपान्यांच्या हाती गेले; बाताआन ९ एप्रिलला पडल्यावर तेथून कोर्रेहिदोरवर तोफांचा भडिमार सुरू झाला. २ मे रोजी तेथील गिअरी तोफमोर्चाचे दारूकोठार उडाले व ६ मे रोजी सर्व दुर्ग शरण गेले. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य परतले, तेव्हा बाताआनमधील मारिव्हेलेस येथे ‘ला व्हॅलेट’ व ‘रॅडफर्ड’ या त्यांच्या विनाशिकांना सुरुंगांनीच हानी पोहोचविली.

मूल्यमापन : समुद्राकडून होणारा हल्ला रोखण्याचे मूळ कार्य या व्यवस्थेने पार पाडले, कारण दुर्ग टिकून असेतोवर जपानी आरमाराने मुखातून बळजबरीने शिरण्याचा प्रयत्न केला नाही आणि शहर जिंकूनही चार महिने जपान्यांना बंदर वापरता आले नाही. तिचा पाडाव जमिनीवरील तोफा व विमाने यांनी केला. त्यांना तोंड देण्यासाठी ती योजलेलीच नव्हती.

सद्यःस्थिती : कोर्रेहिदोर हे युद्धस्मारक असून फोर्ट ड्रमचे अवशेष समुद्रात उभे आहेत.