मुंबईचं नाव लागलेलं रक्त

मे १९५२ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटासा लेख आला. त्याखाली सात नावं होती. पहिली तीन मुंबईची: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधली: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. या लेखातून जगाला ‘बॉम्बे’ रक्तगटाची ओळख झाली. शहराचं नाव बदललं, तरी रक्तगटाचं तेच राहिलं. ही गोष्ट मुंबईइतकीच लंडनचीही आहे, म्हणून इथे राहणाऱ्या आपण ती नीट समजून घ्यावी असं मला वाटतं.

मुंबईच्या डॉक्टरांना तीन माणसं अशी सापडली होती की त्यांचं रक्त कोणाशीच जुळेना. एक रेल्वे अपघातातला जखमी, एक चाकूहल्ल्यातला, आणि तिसरा चांगला धडधाकट. नेहमीच्या चाचणीत तिघांचा गट ‘ओ’ दिसे. पण ओ गटाचं रक्त त्यांच्या रक्तद्रवात मिसळलं की त्याच्याही गुठळ्या होत. ओ म्हणजे ‘सर्वांना चालणारं’ रक्त, हे आपण शाळेत शिकलो. या तिघांना तेही चालत नव्हतं.

असं का होतं? लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली की ‘एच’ तयार होतं. ए गटाच्या माणसात या एचवर एक साखर चढते, बी गटाच्या माणसात दुसरी. ओ गटात काहीच चढत नाही, नुसतं एच उरतं. म्हणजे एच हा पाया, ए आणि बी हे त्यावरचे मजले. बॉम्बे गटात पायाच घातलेला नसतो, आणि ज्याच्या शरीरात एच नाही त्याचं शरीर एचलाच परकं मानतं. ए, बी आणि एच या तिन्हींविरुद्धची प्रतिद्रव्यं त्याच्या रक्तात आपोआप असतात. अशा माणसाला ओ रक्त दिलं, तर पेशी फुटतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो.

फ्युकोजचा धागा मॉर्गन आणि वॉटकिन्स यांना त्याच वर्षी सापडला होता, तोही ईल माशाच्या रक्तद्रवावर प्रयोग करताना. एच ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत वापरलं जाणारं एक द्रव्य गॉर्सच्या बियांपासून मिळतं. गॉर्स म्हणजे ब्रिटनच्या माळरानांवर फुलणारं ते काटेरी पिवळं झुडूप. पुढच्या वेळी फिरायला गेलात की त्याच्याकडे जरा आदराने बघा.

आता आनुवंशिकता. ए-बी-ओ ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं, तर एच घडवणारं एकोणिसाव्यावर. बॉम्बे गटासाठी एच जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडचीही, निकामी असाव्या लागतात. एकच प्रत निकामी असेल तर काहीच जाणवत नाही, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप पुढे जात राहते. नात्यात किंवा लहान समूहात लग्नं होतात तिथे अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणून भारतात हा गट ढोबळमानाने दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असा सांगितला जातो. भारतीय मजूर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेले, तेव्हा हे जनुकही त्यांच्यासोबत गेलं.

यातून घरात एक वेगळंच संकट येऊ शकतं. समजा आईचा गट ओ दिसतो, वडिलांचा ए, आणि मुलगी निघते एबी. शाळेतल्या नियमाप्रमाणे हे अशक्य. मग संशय कोणावर जातो, हे मी सांगायला नको. पण आई बॉम्बे गटाची असेल, तर तिच्याकडे बीचं जनुक असूनही ते दिसत नाही, कारण बी चढायला खाली एचच नाही. मुलीला वडिलांकडून चांगलं एच मिळतं आणि आईकडून आलेलं बी उघड होतं. रक्तगटाच्या कागदावरून बाईच्या चारित्र्याचा निकाल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता दात्याकडे वळू. विनामोबदला रक्तदानाची संघटित सुरुवात लंडनमध्येच झाली. १९२१ मध्ये कॅम्बरवेलच्या रेड क्रॉस शाखेचे पर्सी लेन ऑलिव्हर यांनी रुग्णालयातून निरोप येताच स्वयंसेवकांना घेऊन किंग्ज कॉलेज हॉस्पिटल गाठलं, आणि त्यातून दात्यांची यादी उभी राहिली. १९७० मध्ये रिचर्ड टिटमस यांनी ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात मांडलं की विकत घेतलेलं रक्त जास्त धोक्याचं असतं, कारण पैशांची गरज असलेल्याला आपला आजार लपवावासा वाटतो. याच देशाने नंतर हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी अमेरिकेतून रक्तघटक मागवले. त्यांतले पुष्कळसे पैसे देऊन, अगदी तुरुंगांतूनही, गोळा केलेल्या प्लाझ्मापासून बनवलेले होते. २० मे २०२४ रोजी सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल आला. तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसची लागण, सुमारे तीन हजार मृत्यू, काही रुग्णांच्या नकळत केलेल्या चाचण्या आणि वर्षानुवर्षांची लपवाछपवी त्यात नोंदली आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत थांबवण्याचा आदेश दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंदी लागू झाली.

दुर्मीळ गटाच्या दात्याचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश तुम्हीही पाहिले असतील: ‘बॉम्बे ब्लड ग्रुप तातडीने हवा’, आणि खाली कोणाचा तरी नंबर. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण दात्याचं नाव, नंबर आणि रक्तगट जगजाहीर झाला की त्याला मध्यरात्री अनोळखी लोकांचे फोन येऊ लागतात. ‘नाही’ म्हणणं म्हणजे कोणाला तरी मरू देणं, असं त्याच्यावर लादलं जातं. भारतात पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने ठेवायचं अंतर असल्या गडबडीत विसरलं जातं. रक्त ही देणगी असेल, तर ती न देण्याचा, थांबण्याचा आणि अनाम राहण्याचा हक्कही दात्याचाच आहे.

म्हणूनच मध्ये एखादी संस्था हवी. ब्रिस्टलजवळच्या फिल्टनमधली आंतरराष्ट्रीय रक्तगट संदर्भ प्रयोगशाळा जगभरातल्या दुर्मीळ दात्यांची नोंद सांभाळते. ग्लिसरॉल वापरून लाल पेशी गोठवण्याचा मार्ग १९५० मध्ये ऑड्री स्मिथ यांनी इंग्लंडमध्येच दाखवला. असं गोठवलेलं रक्त दहा वर्षांहूनही अधिक टिकतं. त्यामुळे दात्याने आपल्या सोयीने, पुरेशा अंतराने दिलेलं रक्त पुढे कधीतरी उपयोगी पडतं.

मग तुम्ही काय करावं? अहवालात ‘ओ’ लिहिलं आहे म्हणून घाबरू नका. बहुतेक सगळे ओ खरोखरच ओ असतात. पण ‘प्रतिद्रव्य चाचणीत सगळ्याच पेशींशी प्रतिक्रिया’ अशी नोंद कधी आली, गरोदरपणातल्या तपासणीतही, तर बॉम्बे गटाची शक्यता जरूर विचारा. निदान झालंच तर त्याचं कार्ड कायम जवळ ठेवा, कारण तातडीच्या वेळी इथे ओ निगेटिव्ह रक्त लावलं जातं. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाची तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते, तेव्हा त्यांना सांगा. तपासून घ्यायचं की नाही, हे मात्र त्यांनाच ठरवू द्या. जवळच्या नातेवाइकाचं रक्त लावायची वेळ आली, तर ते आधी किरणोत्साराने प्रक्रिया केलेलं असावं लागतं. नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात.

आणि रक्तदान करा. बी गट आपल्यात युरोपीयांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि इथल्या आरोग्यसेवेला आशियाई दात्यांची गरज आहे. भारतातून परतल्यावर मलेरियाच्या शक्यतेमुळे काही महिने थांबावं लागतं. ते तुमच्याच रक्ताच्या रुग्णासाठी आहे, अपमान म्हणून नाही. प्रश्नावलीला खरी उत्तरं द्या. प्रयोगशाळेतली कोणतीही चाचणी त्या खरेपणाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

१९५२ च्या लेखावरची सात नावं इतिहासात राहिली. ज्या तीन माणसांच्या रक्तामुळे तो लेख झाला, त्यांना आपण नावाने ओळखत नाही, आणि ते योग्यच आहे. मुंबईचं नाव लागलेल्या या रक्ताचं ऋण फेडायचं, तर त्या तिघांसारख्या अनाम माणसांचा जीव आणि मान दोन्ही राखूनच ते फेडता येईल.