जामीन कोण राहणार?

पिंगळीच्या बचत गटांतल्या तायांनो, तुमच्या आधीच्या बायांचा इतिहास सांगतो. मुंबईच्या गिरणगावात त्या चाळीतल्या एका खोलीत कामगारांना जेवू घालायच्या. पैसे मिळायचे पगाराला. किराणा मात्र उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. संप झाला की पैसे अडकायचे, चूल काही बंद नसायची. तरी याला कुणी धंदा म्हणेल तर शपथ!

कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेचं कर्ज हवं, पण तारण कुठलं? मग बायाच एकमेकींना जामीन राहिल्या. माझ्या मते पुढारीपण इथंच घडलं. भाषण करणारी नव्हे, शेजारणीचा हप्ता थकला तर तिच्या दारात जाऊन मागू शकणारी बाई पुढं आली. आणि मागून झाल्यावर तिच्याशी बोलणं न तोडणारी.