जागा कुणाच्या वहीत असते?

'आरक्षण' हा शब्द ऐकून काही मंडळी सरसावून बसलेली दिसतात. आजचा विषय त्या आरक्षणाचा नाही, तिकिटाच्या आरक्षणाचा आहे. आणि चिंचपाड्यात बोलतो आहोत, तर सुरत–भुसावळ लाइनीवरच्या या स्टेशनापासूनच सुरुवात करू.

संगणक येण्यापूर्वी गाडीतली जागा एका जाडजूड रजिस्टरात असायची, आणि ते रजिस्टर गाडी जिथून सुटते त्या गावी. मधल्या स्टेशनांच्या वाट्याला ठरावीक कोटा. त्यापलीकडे जागा हवी असेल तर तार करायची आणि उत्तराची वाट बघायची. तरुणपणी आम्हाला एका मुलाखतीसाठी दिल्लीला जायचं होतं. गाडी मुंबईची, आम्ही चढणार सुरतेला. तार केली, पैसे भरले. डब्यावर चिकटवलेला चार्ट वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला, नाव नाही! रात्रभर दाराजवळ ट्रंकेवर बसून गेलो. डब्यात एक बर्थ बडोद्यापर्यंत रिकामा होता, बरं का. म्हणजे जागा होती, पण वहीत आमची नव्हती. पुढे तत्त्वज्ञान शिकवताना 'असणं' आणि 'नोंद असणं' यांतला फरक सांगायला आम्हाला दुसरं उदाहरण कधी शोधावं लागलं नाही.

हीच अडचण अमेरिकेत विमान कंपन्यांना आली होती. तिथंही कार्डं, फोन आणि माणसं. १९५३ साली अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे ब्लेअर स्मिथ विमानात शेजारी बसले, आडनावावरून बोलणं सुरू झालं, आणि त्यातून पुढं 'सेबर' ही यंत्रणा उभी राहिली. १९६४ पर्यंत ती त्या कंपनीच्या सगळ्या जाळ्यावर चालू झाली. कल्पना साधी: वही एकच, पण ती कुठूनही उघडता यावी. प्रवाशाचं नाव, प्रवास, संपर्क हे सगळं एका नोंदीत. तीच पीएनआर. आपल्या रेल्वे तिकिटावर आलेली ही अक्षरं मूळची विमानाची.

मात्र वही ज्याची, त्याचं राज्य. ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर हे पडदे आले, तेव्हा पडद्याच्या मालक कंपनीची विमानं वरच्या ओळीत दिसू लागली. एजंट बहुतेक वेळा पहिल्याच ओळीतलं तिकीट काढतो. शेवटी १९८४ मध्ये अमेरिकी सरकारला त्याविरुद्ध नियम करावे लागले. खोटं कुणीच बोललं नव्हतं, फक्त क्रम लावला होता.

आपल्याकडे १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास. पण प्रत्येक केंद्राची वही वेगळीच होती. ती १९९९ मध्ये एकमेकांशी जोडली गेली. आमच्या ट्रंकेवरच्या रात्रीचं उत्तर तिथं मिळालं, असं आम्ही मानतो. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट आलं. सुरुवातीला छापील तिकीट कुरिअरनं घरी यायचं, आज हसू येतं.

विमान आणि रेल्वे यांत एक फरक मात्र राहिला. काही प्रवासी येणारच नाहीत, असा हिशेब करून विमान कंपनी जागांपेक्षा जास्त तिकिटं विकते आणि ते प्रवाशाला सांगत नाही. रेल्वे 'वेटिंग' असं तोंडावर सांगते, आरएसीत दोघांना एका बर्थवर बसवते. आम्हाला दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कितीही अवघडून बसावं लागलं तरी.

आता रांग खिडकीवरून फोनवर गेली. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि काही गाड्यांचं बघता बघता संपतं. ज्याच्याकडे चांगला फोन, चांगलं नेटवर्क, आधार जोडलेलं खातं, तो पुढं. वही सगळ्यांसाठी उघडी आहे खरी, पण ती उघडायला लागणारा वेग सगळ्यांकडे सारखा नाही.

आणि या स्टेशनावरून सुरतेकडे मजुरीला जाणारी माणसं तर त्या वहीत येतच नाहीत. जनरलच्या तिकिटावर नाव नसतं, पीएनआर नसतो, बर्थ नसतो. डब्यात जागा किती आहे हे बघून ती तिकिटं थांबवली जात नाहीत. आज संध्याकाळची गाडी आली की दाराशी उभं राहून बघा.