सुरतेतला जंबिया

खंडेनवमीला आमच्या अमळनेरच्या घरी पूजेला विळा, अडकित्ता आणि आजोबांचा वाकस एवढेच मांडले जाई. आज सुरतेत, लिंबायतच्या दोन खोल्यांच्या घरात, पाटावर नऊ खंजीर मांडले जातात. सौभाग्यवती प्रत्येकावर झेंडूचे एकेक फूल ठेवते आणि दरवर्षी न चुकता म्हणते, "अहो, नऊ आहेत खरे, पण भाजी चिरायच्या कामाचा एकही नाही!" तिचे म्हणणे खोटे नाही. पण हे नऊ खंजीर घरात कसे आले, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

वडील ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि यंत्रमागावर लागले. खानदेशातली हजारो घरे अशीच आली. मला गुजराती शाळेत घातले. घरी आई शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगे. "महाराजांनी सुरत बेसुरत केली" हे वाक्य ती अशा ठसक्यात म्हणे की अंगावर काटा येई. ती सुरत म्हणजे आपण राहतो तेच गाव, हे मात्र माझ्या डोक्यात आले नव्हते. ते वर्गातल्या शेजारच्या मुलाने आणून दिले. इतिहासाच्या तासानंतर तो म्हणाला, "तारा शिवाजीए अमारुं गाम लूंट्युं." मला उत्तर सुचले नाही. आपल्या सीमेवरच्या घरांतल्या पुष्कळ मुलांना हे अनुभवाने ठाऊक असेल. एकच गोष्ट एका भाषेत पोवाडा असते आणि दुसऱ्या भाषेत फिर्याद.

१९८६ च्या दिवाळीचा बोनस हातात होता. किल्ल्याजवळ चौक बाजारात एका जरीपुराणावाल्याकडे पितळी म्यानातला एक वाकडा खंजीर दिसला. "शिवाजीना वखतनो छे," तो म्हणाला. वाचनाचा नाद असल्याने मला लगेच १६६४ च्या जानेवारीतला तो प्रसंग आठवला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि तहाच्या बोलण्याचे निमित्त करून त्याने एक तरुण वकील महाराजांकडे पाठवला. बोलता बोलता त्याने लपवलेला खंजीर काढून झेप घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, तरी तो वेगाने महाराजांवर आदळला. महाराज पडले असे वाटून छावणीत हलकल्लोळ झाला. मी चारशे रुपये मोजले. बायकोची साडी त्या वर्षी राहिली. मला काय विकत घ्यायचे होते, हे तेव्हा समजले नाही. बहुधा त्या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर.

दोन वर्षांनी बडोद्याला जुन्या शस्त्रांच्या एका जाणकाराला तो दाखवला. त्यांनी पाते बाहेर काढून पाहिले आणि शांतपणे सांगितले, "हा इथला नाही. मोरोक्कोचा आहे, कुम्मिया म्हणतात याला." मग एकेक खूण समजावली. पाते मुठीपाशी सरळ निघते आणि टोकाकडे वळते. मुठीचा माथा मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरट असतो. म्यानाच्या तोंडाशी दोन्ही अंगांना कान आणि कड्या असतात. त्यांत लोकरीचा गोफ ओवून तो खांद्यावरून तिरपा घेतात आणि खंजीर डाव्या कुशीला लोंबतो. तिकडे लग्नाकार्यात मिरवण्याचा तो पुरुषाचा दागिनाच. विसाव्या शतकात प्रवाशांना विकण्यासाठीही असे पुष्कळ बनले. माझा शंभर वर्षांचाही नसावा, असे त्यांचे मत पडले.

वर्षभर मी तो ट्रंकेत टाकून ठेवला. फसवल्याचा राग दुकानदारावर कमी आणि स्वतःवर जास्त होता. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याला मांडली गेली. ती महाराजांचीच याला खात्रीचा पुरावा नाही, असे त्या संग्रहालयानेच सांगितले होते. तरी लोकांनी ती डोळे भरून पाहिली. मला त्यांचे हसू आले नाही. आपल्याला वस्तू नको असते, तिच्या आडून कोणाचा तरी हात धरायचा असतो.

पण मोरोक्कोची वस्तू सुरतेत आली कशी, हा किडा डोक्यात शिरला आणि त्याने मला पुन्हा वाचायला बसवले. सुरत हे मक्केचे दार. मोगलाईत इथून जहाजे जेद्दाकडे जात. १६९५ मध्ये इंग्रज चाच्यांनी लुटलेले औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे तिकडूनच परतत होते. मक्केला उत्तर आफ्रिकेचे यात्रेकरूही येत. पुढच्या काळात एखाद्या हाजीने तिथे कोणाकडून हा घेतला असेल, किंवा एखाद्या खलाशाने आणला असेल. माझा हा केवळ तर्क. आफ्रिका मात्र सुरतेला कधीच परकी नव्हती. १६६४ च्या त्या लुटीच्या वेळी औरंगजेबाकडे निघालेले हबसाणच्या राजाचे वकील इथेच होते आणि तेही लुटले गेले, असे बर्नियर लिहितो. मोगलांचे आरमार सांभाळणारे जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबशीच. सुरतेचा किल्ला १७५९ मध्ये इंग्रजांनी घेतला, तोही सिद्दीच्या हातून.

पुढे मी सचिनच्या कारखान्यात कामाला लागलो. रोज बसमधून उतरायचो ते गाव म्हणजे सिद्दींचे संस्थान होते, हे मला तेव्हा कळले. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका सिद्दीने आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. गंमत अशी, की जंजिरा पेशव्यांना कधीच मिळाला नाही, पण सचिनला सिद्दी नवाबांची गादी १९४८ पर्यंत टिकली. ज्या वैरापायी कोकणचा किनारा शतकभर जळला, त्याचा एक धागा माझ्या बसथांब्यापाशी येऊन संपला होता.

तेव्हा ट्रंकेतला कुम्मिया पुन्हा बाहेर निघाला. मग हळूहळू इतर आले: आडव्या मुठीची कट्यार, दुहेरी बाकाचा बिचवा, एक अरबी जंबिया, एक पेशकब्ज. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. माझ्या वस्तू लिंबायतबाहेरही जात नाहीत.

गेल्या वर्षी नातीने तोच प्रश्न विचारला, "आजोबा, शिवाजी महाराजांनी सुरत लुटली?" मी म्हणालो, "हो, लुटली." मग सगळेच सांगितले. शाहिस्तेखानाच्या फौजांनी तीन वर्षे आपला मुलूख उद्ध्वस्त केला होता आणि सुरत हा मोगलांचा खजिना होता. महाराजांनी कापुचिन पाद्र्यांच्या मठाला हात लावू दिला नाही. मोहनदास पारेख हा डचांचा दलाल दानधर्मी होता म्हणून त्याच्या घरालाही त्यांनी सोडले. वीरजी व्होराचा वाडा मात्र धुऊन निघाला. आणि त्या खंजिराच्या हल्ल्यानंतर कैद्यांपैकी चौघांची शिरे आणि चोवीस हात तोडले गेले, हे इंग्रजांच्या कागदांत आहे, तेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मीही तिला घाई केली नाही. मला चौथीत जे सांगता आले नाही ते एवढेच होते, आणि त्याला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

पाटावरचा नववा खंजीर त्या वर्गमित्राचा. गोपीपुऱ्यातला त्यांचा जुना वाडा पाडताना भिंतीतल्या कपाटात एक गंजलेली कट्यार निघाली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून तो स्वतः आमच्या घरी आला. चहा घेतला, पाटावरचे आठ खंजीर निरखले आणि उठता उठता पुडके माझ्या हातात देत म्हणाला, "तारा शिवाजी माटे राखेली हती. हवे तुं ज साचव."