अनवाणी पाय, गळ्यात टाय

१९६१च्या उन्हाळ्यात बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये गिटारवाल्या बँडचे कार्यक्रम सुरू करायचे ठरले, तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी अट घातली: आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात टाय हवा. नाचायला येणारी पोरं दिवसभर समुद्रात फळीवर उभी राहून लाटांवर स्वार होणारी. त्यांच्याकडे टाय कुठून असणार? मग दारातच टायचं एक खोकं ठेवण्यात आलं. पोरं त्यातला एक टाय उचलायची, गळ्यात अडकवायची आणि अनवाणी आत शिरायची. तिथे वाजवणारा गिटारवादक डिक डेल हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. पहिल्या रात्री जेमतेम सतरा जण आले होते आणि ते सगळे आपले सर्फिंगचे सोबती होते, असंही तो सांगे. थोड्याच महिन्यांत त्या सभागृहात हजारोंची गर्दी लोटू लागली.

बाल्बोआ म्हणजे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, न्यूपोर्ट बीच शहराचा समुद्रात घुसलेला चिंचोळा पट्टा. तिथे अगदी किनाऱ्याला लागून १९२८ साली राँदेव्हू उभं राहिलं. १९३५ साली ते आगीत गेलं आणि लगेच पुन्हा बांधलं गेलं. सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्या मोठ्या वाद्यवृंदांचा तो जमाना होता. स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदाने १९४१ साली आपलं बस्तान बसवलं ते इथूनच. युद्धानंतर मात्र असे वाद्यवृंद पोसणं परवडेनासं झालं, तरुणांची आवड बदलली आणि तीनेक हजार माणसं मावतील एवढी ती जागा ओस पडू लागली. याच गावात रिंकी डिंक नावाच्या आइस्क्रीमच्या दुकानात डिक डेल गिटार वाजवत असे. तिथली गर्दी दुकानात मावेना, तेव्हा त्याची नजर राँदेव्हूकडे गेली.

डिक डेल हे त्याचं रंगमंचावरचं नाव. खरं नाव रिचर्ड मन्सूर, जन्म १९३७ सालचा, बॉस्टनचा. वडील लेबनीज, आई पोलिश-बेलारुशियन घराण्यातली. बॉस्टनजवळच्या क्विन्सी गावात तो वाढला. त्याचे काका ऊद वाजवत. अरबी संगीतातलं हे पडदे नसलेलं तंतुवाद्य आणि त्याच्या जोडीला दरबुका, म्हणजे हातांनी वाजवायचा पेल्याच्या आकाराचा ढोल. घरच्या मेळाव्यांत हे सूर आणि हा ठेका त्याच्या कानांवर पडत होता. ढोलकऱ्यांत त्याला जीन क्रूपा प्रिय होता. १९५४ साली वडिलांना ह्यूजेस एअरक्राफ्टमध्ये काम मिळालं आणि कुटुंब कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडोला आलं. तिथे हा सतरा वर्षांचा मुलगा समुद्रात उतरला आणि सर्फिंगच्या नादी लागला तो कायमचाच.

सर्फ संगीताचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा ऊन, वाळू आणि सोनेरी केसांच्या मुलांचं चित्र रंगवलं जातं. ते चित्र अपुरं आहे. या संगीताला पहिला आकार दिला तो एका स्थलांतरित घराण्यातल्या मुलाने आणि त्याच्या हातात जे होतं ते बैरुतकडून बॉस्टनमार्गे आलेलं होतं. डेलची गिटार ऐकताना तारेइतकाच ढोल ऐकू येतो, त्याचं मूळ इथे आहे.

तो डावखुरा होता. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी तारा लावलेली गिटार त्याने तशीच उलटी धरली. तारांचा क्रम बदलला नाही, त्यामुळे जाड तारा खाली आणि बारीक वर. या उलट्या मांडणीवर तो एकाच सुरावर प्रचंड वेगाने, खाली-वर, खाली-वर असे आघात करी. सतारीवरचा झाला ऐकलेल्या कानाला हा प्रकार पटकन ओळखू येईल. मात्र डेलच्या तारा दोरखंडासारख्या जाड होत्या आणि त्याच्या हाताला एवढा जोर होता की प्लास्टिकची नखी घर्षणाने झिजून जाई. पाठीमागून लाट उचलते तेव्हा अंगात जो थरार उठतो, कानांत जी गाज भरते, ती आपल्याला गिटारमधून हवी आहे, असं तो म्हणत असे.

त्या वेळी सर्फिंग अचानक एवढं पसरलं कसं? आधी फळ्या लाकडाच्या, जड आणि महाग होत्या. १९५०च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या बनवायला घेतल्या. त्या हलक्या होत्या, एकसारख्या निघत आणि हव्या तेवढ्या बनवता येत. १९५९ साली ‘गिजेट’ हा चित्रपट आला आणि ज्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता अशा मुलांनाही सर्फिंग ठाऊक झालं. १९६०मध्ये जॉन सेव्हरसनने ‘द सर्फर’ हे नियतकालिक काढलं. विमान कारखान्यांच्या पगारावर दक्षिण कॅलिफोर्नियाची उपनगरं फुगत होती, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या हाती जुन्या मोटारी येत होत्या. फळी टपावर बांधायची की चालले किनाऱ्याला. या सगळ्यात त्यांचं स्वतःचं असं संगीतच नव्हतं. ब्रूस ब्राउनच्या पहिल्या सर्फिंगपटाला बड शँकचा जॅझ जोडलेला होता. छान जॅझ, पण तो आधीच्या पिढीचा.

राँदेव्हूत ही उणीव भरून निघाली. डेल-टोन्स या डेलच्या बँडमध्ये गिटारच्या साथीला सॅक्सोफोन, पियानो आणि ड्रम्स होते. पोरं वाजवणाऱ्यांच्या ठेक्यावर जमिनीवर जोराने पाय आपटत नाचत. या नाचाला ‘सर्फर स्टॉम्प’ हेच नाव पडलं. हजारो पाय एकाच वेळी लाकडी जमिनीवर पडत, तेव्हा त्या आवाजात गिटार टिकवायची कशी हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर संगीतकाराच्या आवाक्यातलं नव्हतं. ते मिळालं शेजारच्या फुलर्टन गावातल्या कारखान्यात.

तो कारखाना लिओ फेंडरचा. १९५४ साली त्याने स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली होती. स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नसे. मूळचा तो रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर, त्यामुळे वाजवणाऱ्यांनी आणलेल्या तक्रारी हाच त्याचा गुरू. डेलने तक्रारींचा पाऊस पाडला. त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर छोट्या जागांसाठी बनवलेले. डेल आवाज पूर्ण वाढवून वाजवी, तेव्हा स्पीकरचा कागद फाटे, आतून धूर निघे, कधी चक्क पेट घेई. असे चाळीसहून अधिक अ‍ॅम्प्लिफायर आपल्या हातून कामी आले, असं तो सांगत असे. फेंडरला सुरुवातीला कळेचना की या मुलाला एवढा आवाज कशाला हवा. शेवटी फ्रेडी टवारेसला घेऊन तो स्वतः राँदेव्हूत आला, गर्दीच्या मधोमध उभा राहिला आणि तिथे त्याला डेलचं म्हणणं पटलं.

हा टवारेस लक्षात ठेवण्याजोगा माणूस आहे. तो हवाईचा, स्टील गिटारचा पट्टीचा वादक आणि फेंडरच्या प्रयोगशाळेतला उजवा हात. सर्फिंग जन्मलं त्या बेटांवरचा माणूस सर्फ संगीताचं यंत्र घडवणाऱ्यांत असावा, ही मला या हकिकतीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते.

फेंडरने अधिक ताकदीचा ट्रान्सफॉर्मर बसवला. जेबीएल कंपनीकडून पंधरा इंची स्पीकर खास बनवून घेतला. शोमॅन आणि मग दोन स्पीकरांचा ड्युअल शोमॅन हे अ‍ॅम्प्लिफायर यातून तयार झाले. आज मैदानातल्या कार्यक्रमात छातीत धडधडणारा गिटारचा आवाज आपण गृहीत धरतो. तो आवाज घडवणाऱ्या पहिल्या जागांत एका किनाऱ्यावरच्या नृत्यगृहाचा समावेश होतो.

सप्टेंबर १९६१मध्ये ‘लेट्स गो ट्रिपिन’ ही शब्दांविना वाजवलेली रचना बाजारात आली. तबकडी काढणारी डेलटोन कंपनी म्हणजे डेलच्या वडिलांचाच घरगुती उद्योग. बिलबोर्ड नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ही रचना साठाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पहिली सर्फ रचना हा मान बहुतेक अभ्यासक तिला देतात. त्याच वर्षी साउथ बे भागातल्या द बेलेअर्स या शाळकरी बँडने ‘मिस्टर मोटो’ काढली होती, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. माझ्या मते पहिलं कोण यापेक्षा दोन्हीकडची पोरं एकाच सुमारास एकाच आवाजाच्या शोधात होती, हे अधिक बोलकं आहे.

सर्फ संगीत म्हटलं की ओल्या गुहेतून यावा तसा घुमणारा गिटारचा स्वर आठवतो. तो येतो रिव्हर्बमधून. धातूच्या स्प्रिंगमधून आवाज फिरवून घुमारा आणायची युक्ती हॅमंड ऑर्गनमध्ये आधीच होती. फेंडरने १९६१ साली त्याची वेगळी पेटी विकायला काढली. डेलला ती आधी हवी होती गाताना आपला आवाज भरदार लागावा म्हणून. ‘लेट्स गो ट्रिपिन’मध्ये हा घुमारा नाहीच. तिथली गिटार कोरडी, टोकदार आहे. ओला आवाज पुढच्या दोन वर्षांत इतर बँडांनी उचलला आणि तीच या संगीताची ओळख ठरली.

१९६२ साली ‘मिसिर्लू’ आली. एका तारेवर अख्खं गाणं वाजवून दाखवता येईल का, असं एका लहान चाहत्याने विचारलं होतं. त्या रात्री डेलला काकांचा ऊद आठवला. ते एका तारेवर ‘मिसिर्लू’ वाजवत. मिसिर्लू म्हणजे इजिप्तची मुलगी. पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक, अरब, तुर्की, ज्यू अशा सगळ्या वस्त्यांत ही चाल फिरत होती. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये टेटोस डेमेट्रियाडिसने ती ग्रीकमध्ये ध्वनिमुद्रित केली. तिथे ती संथ आणि विरही आहे. डेलने तिचा वेग कितीतरी पट वाढवला आणि एका स्वरावरच्या अखंड आघातांनी तिची सुरुवात केली.

या चालीची स्वरपंक्ती मराठी कानाला परकी नाही. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद: हे आपल्या भैरव थाटाचेच स्वर. अरबी-तुर्की संगीतात त्यांना हिजाझकार म्हणतात. राग म्हणून भैरवाचा विस्तार, त्याचा आंदोलित रिषभ, त्याची पहाट यांच्याशी ‘मिसिर्लू’चं नातं नाही, पण स्वर तेच. पहाटे तंबोऱ्यावर लागणारे हे स्वर कॅलिफोर्नियातली पोरं रात्री टाय लावून, अनवाणी पायांनी नाचत ऐकत होती.

मग अशा बँडांची गर्दीच झाली. २३ डिसेंबर १९६१ रोजी राँदेव्हूत डेलच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात हॉथॉर्नच्या काही मुलांनी दोन-चार गाणी म्हटली. नवखा बँड होता, नाव बीच बॉइज. बँडमधल्या विल्सन भावांपैकी सर्फिंग येत होतं एकट्या डेनिसला. त्यांनी सर्फ संगीताला शब्द आणि सुरेल सहगान दिलं आणि ते देशभर पोहोचवलं. त्यांच्या १९६३च्या ‘सर्फिन यूएसए’ या तबकडीत डेलने वाजवलेल्या वरच्या दोन्ही रचना आहेत. त्याच वर्षी सँटा अ‍ॅनाच्या शाळकरी मुलांच्या द चँटेजची ‘पाइपलाइन’ बिलबोर्डवर चौथ्या आणि ग्लेंडोराच्या द सर्फारिजची ‘वाइप आउट’ दुसऱ्या क्रमांकावर गेली. ग्लेंडोरा समुद्रापासून चांगलंच आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. एव्हाना हे संगीत वाजवायला समुद्र लागत नव्हता.

डेलचं ‘सर्फर्स चॉईस’ हे पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९६२च्या अखेरीस आलं. त्याचा काही भाग राँदेव्हूतच मुद्रित केलेला आहे. कॅपिटॉल या बलाढ्य कंपनीने त्याच्याशी करार केला, एड सुलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो १९६३मध्ये झळकला. तरीही बिलबोर्डच्या पहिल्या चाळिसात त्याचं एकही गाणं कधी आलं नाही. तो दौऱ्यांना निघायला नाखूश असे. आपला समुद्र सोडून कशाला जायचं, हा त्याचा हिशेब होता आणि त्याची किंमत त्याने मोजली. फेब्रुवारी १९६४मध्ये त्याच सुलिव्हनच्या मंचावर बीटल्स उभे राहिले आणि शब्दांविना वाजणाऱ्या गिटारचे दिवस संपत आले. फेंडरचा कारखाना १९६५ साली सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. त्याच सुमारास डेलला आतड्याच्या कर्करोगाने गाठलं. तो हवाईला गेला, वाद्य बाजूला पडलं. १९६६च्या ऑगस्टमध्ये राँदेव्हू दुसऱ्यांदा जळलं. या वेळी ते कोणी बांधलं नाही.

१९९४ साली क्वेंटिन टॅरंटिनोने ‘पल्प फिक्शन’च्या श्रेयनामावलीला ‘मिसिर्लू’ लावली आणि जगाने डेलला नव्याने शोधलं. २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाने ‘मंकी बिझनेस’मध्ये तिच्यावर ‘पंप इट’ हे गाणं बेतलं. योगायोग असा की त्याच तबकडीतल्या दुसऱ्या एका गाण्यात कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’ आणि ‘अपराध’मधल्या चाली वापरल्या आहेत, दोन्ही मुळात आशा भोसलेंनी गायलेल्या. काकांच्या उदावरची चाल आणि मुंबईच्या स्टुडिओत घडलेली चाल अशा एकाच तबकडीवर येऊन बसल्या.

डेल पुन्हा दौऱ्यांवर निघाला, या वेळी सत्तरी ओलांडेपर्यंत आणि त्यानंतरही. कर्करोग उलटला होता, मूत्रपिंडाच्या विकाराने आणि मधुमेहाने छळलं होतं. उपचारांचा मासिक खर्च एवढा की कार्यक्रम थांबवणं परवडणारं नाही, हे त्याने मुलाखतींत उघडपणे सांगितलं. ज्याच्या हट्टापायी अ‍ॅम्प्लिफायरचा एक अख्खा धंदा वाढला, त्या वादकावर ही वेळ यावी हे क्लेशकारक आहे. १६ मार्च २०१९ रोजी, ८१व्या वर्षी तो गेला, तोपर्यंत मंचावर गिटार तशीच उलटी, त्याच जाड तारांची होती.