देऊळघाटचे डेस्कटॉप

देऊळघाटात संगणक आला तो एमएस-सीआयटीच्या पाठोपाठ. 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने हा अभ्यासक्रम सुरू केला, सरकारी नोकरीला तो लागू लागला, आणि पैनगंगेकाठच्या आमच्या गावातली पोरंपोरी क्लाससाठी बुलढाण्याला जाऊ लागली. मीही त्यांतलाच. पुढे संगणक दुरुस्तीचं काम धरलं ते आजवर सुटलं नाही. गावाच्या इतिहासात देवळं, दर्गे, बाजार येतात. लोकांनी संगणकाच्या पडद्यावर काय लावलं आणि ते का टिकलं नाही, हे कुणी लिहीत नाही. त्या यंत्रावर खरी सत्ता कुणाची होती, ते मात्र तिथेच कळतं.

नवा संगणक घरात आला की आधी त्यावरची हिरवी टेकडी जायची. विंडोज एक्सपी 25 ऑक्टोबर 2001 रोजी बाजारात आलं, आणि त्याच्याबरोबर चार्ल्स ओ'रिअर यांनी 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात टिपलेला तो फोटोही घरोघर पोचला. त्या टेकडीवर आधी द्राक्षमळा होता. फायलोक्सेरा किडीने वेली गेल्या म्हणून त्या उपटल्या, आणि मोकळ्या जागी गवत माजलं. कपाशीवरची बोंडअळी पाहिलेल्या माणसाला हे सांगितलं की तो त्या चित्राकडे वेगळ्या नजरेने बघतो. आमच्याकडे त्या जागी शेगावचे गजानन महाराज आले, सिंदखेडराजाचा राजवाडा आला, लोणारचं सरोवर आलं, मक्का-मदिना आली, आणि सगळ्यांत जास्त आले ते घरातल्या लेकरांचे फोटो, स्टुडिओतून सीडीवर करून आणलेले.

मग तक्रारी सुरू झाल्या. "दादा, सगळं नीट लावलं होतं, आज चालू केला तर पुन्हा पहिल्यासारखं." चूक त्या माणसाची नसायची. त्या वर्षांत विदर्भात भारनियमन फार होतं, लाइट सांगून जात नसे, आणि यूपीएस सगळ्यांना परवडत नसे. आयकॉनची मांडणी आणि तसल्या बारीकसारीक गोष्टी एक्सपी बहुधा लॉग ऑफ किंवा शट डाउन होताना लिहून ठेवायचं. मधेच लाइट गेली की ते लिहिणं राहून जाई, आणि दुसऱ्या दिवशी जुनी मांडणी हजर. याहून वाईट म्हणजे वापरणाऱ्याच्या सगळ्या आवडीनिवडी ज्या एका फाइलीत असतात ती एनटीयूजर.डॅट फाइल अशा वेळी खराब होई. ती वाचता आली नाही की विंडोज तात्पुरतं प्रोफाइल उघडून देतं. त्यात काहीही लावा, बंद केलं की पुसलं जातं. पुष्कळ दुकानांत यावर एकच उपाय होता, फॉरमॅट मारायचा. त्यात घरचे फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, पीककर्जाचे हिशेब, सगळं जायचं. खरं तर नवं खातं काढून जुन्या फोल्डरातल्या फाइली त्यात आणल्या की काम होत होतं. हे तेव्हा गावोगाव माहीत असायला हवं होतं.

भाषेची अडचण वेगळी. विंडोज 98 च्या काळात मराठी होती ती डीटीपीच्या फॉण्टपुरती. त्या फॉण्टातला मजकूर फोल्डरच्या नावात टाकला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसायचा. एक्सपीमध्ये युनिकोड होतं, पण चालू करून घ्यावं लागे. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समधल्या लँग्वेजेस टॅबवर एक चौकोन होता, त्यात खूण करायची. लगेच विंडोजची सीडी मागितली जाई, आणि ती कुणाकडेच नसे. सीडी मिळेपर्यंत मराठीच्या जागी रिकामे चौकोन. तो पर्याय जोडाक्षरांच्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी एकत्रच होता, त्यामुळे आमच्या गावात एका खुणेने मराठीही आली आणि उर्दूही. मराठी शाळेतले मास्तर आणि उर्दू शाळेतले मास्तर, दोघांच्या मशीनवर मी तेच केलं. माझ्या कामातलं मला सर्वांत आवडलेलं काम ते.

ऑक्टोबर 2008 मध्ये नवा प्रकार आला. मायक्रोसॉफ्टच्या अपडेटनंतर परवाना नसलेल्या एक्सपीवर दर तासाला डेस्कटॉप काळा होऊ लागला. फोटो पुन्हा लावा, तासाभराने पुन्हा काळा. व्हायरस आहे असंच लोक समजले. विकणाऱ्याने कुठली प्रत टाकून दिली हे घेणाऱ्याला ठाऊकच नसायचं, आणि त्याची शिक्षा मात्र घेणाऱ्याला. पुढच्या वर्षी स्वस्त लॅपटॉपवर विंडोज 7 स्टार्टर आलं. त्यात तर पैसे मोजूनही वॉलपेपर बदलायची सोय नव्हती. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं.

नेट कॅफेत डीप फ्रीझसारखी प्रणाली असे, रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. ऑफिसच्या मशीनवर ग्रुप पॉलिसीने वॉलपेपरचा पर्याय करडा करून ठेवलेला असतो. पेनड्राइव्हमधून आलेले काही व्हायरस तीच पॉलिसी वापरून वॉलपेपर बदलायचा टॅबच गायब करायचे. व्हायरस काढला तरी रजिस्ट्रीतली नोंद मागे राही, ती हाताने पुसल्याशिवाय टॅब परत येत नसे. म्हणून सेटिंग लागत नसेल तर मी आधी एवढंच बघतो, की त्यावर दुसऱ्या कुणाचा हुकूम चालतोय.

एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला. ते संगणक आता माळ्यावर आहेत किंवा भंगारात निघालेत. माझी विनंती आहे, भंगारवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून बघा. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये वापरणाऱ्याच्या नावाचं फोल्डर असतं. त्यात लोकल सेटिंग्ज, मग ॲप्लिकेशन डेटा, मग मायक्रोसॉफ्ट असं जा. वाटेतली काही फोल्डरं लपवलेली असतात, ती आधी दिसती करून घ्या. फोटो उघडून तिथूनच डेस्कटॉपवर लावला असेल, तर वॉलपेपर1 नावाची बीएमपी फाइल तिथे सापडते. मूळ फोटो आणि सीडी दोन्ही गेल्या तरी ही प्रत बहुधा राहिलेली असते. ती काढून घ्या, आणि फोटोत कोण आहे, कधीचा आहे, हे घरातल्या जाणत्यांना विचारून लिहून ठेवा.